कोनाड्यातला कप

काचेवर चार बोटं ठेवली. आतून हिरवा उजेड आला, यंत्र कुईं करून गप झालं, आणि खुर्चीतली पोरगी म्हणाली, आजी, जरा दाबून ठेवा. दाबून ठेवली. परत कुईं. मग तिनं कागदाचा रुमाल दिला, बोटं पुसायला लावली. मग कसलंसं मलम दिलं, ते चोळायला लावलं. मग पुन्हा पुसायला लावलं. मागं रांग ताटकळत होती. माझा पोरगा रामनाथ शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता आणि बघत नसल्याचं दाखवत होता. पोरगी तशी वाईट नव्हती. तिनं खुर्ची पुढं ओढली, माझा हात आपल्या हातात घेतला, बाजारात वांगं उलटंपालटं करून बघावं तसा बघितला आणि म्हणाली, "आजी, तुमच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत." मला एरवी उत्तराला उशीर लागत नाही. मोशीला आमची आठ मजल्यांची इमारत आहे, तिच्यात लोक मला वचकून असतात ते काही माझ्या पांढऱ्या केसांमुळं नाही. पण त्या घडीला मी नुसता हात मागं घेतला आणि पदराखाली धरला. पिंपरी पेंढारच्या मळ्यात ह्याच हातांनी कांदा लावला, घर सारवलं, राखेनं भांडी घासली, सासूला शेवटची दोन वर्षं उचलून न्हाऊ घातलं. आणि आता कोण कुठली पोरगी सांगते, की हे हात कुणाचे ते समजत नाही. पासपोर्ट काढायला आले होते. दीड महिन्यानं परत या म्हणाले.

घरी आल्यावर न्हाणीघरात गरम पाणी सोडलं. आरशावर वाफ धरली तशी श्रेयाची, माझ्या नातीची, सकाळची बोटं त्याच्यावर वर आली. गोगलगायीच्या शंखासारखी, वळणात वळण, त्याच्या आत आणखी वळण. शेजारी मी अंगठा दाबला. नुसता ठिपका. पाणी तसंच वाहत राहिलं आणि मी तो ठिपका बघत उभी. बाहेरून नूतन, माझी सून, विचारत होती, आई, बरं वाटतंय ना. बरंच वाटत होतं. फक्त पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं काही तरी झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला जायचं उन्हाळ्यापासून घाटत होतं. नूतननं चालायचे बूट आणले होते, मलाही आणले होते, ते पायांत घातले की मी दुसऱ्याच कुणाच्या तरी पायांनी चालते असं वाटायचं. रामनाथ म्हणाला, आईला सोडून जायचं नाही. मी म्हटलं, जा की रे, मी काय कुकुलं बाळ आहे का. पण म्हटलं अशा आवाजात, की तो आवाज ऐकून कुणाचा पाय उंबऱ्याबाहेर पडला नसता. माझा आवाज मला ठाऊक आहे. चार दिवस घरात कुणी सिंगापूरचं नाव काढलं नाही, आणि नाव न काढणं भिंतीला कान लावल्यासारखं ऐकू येत होतं. मग श्रेयानंच मोबाईलवर शोधलं. जुन्नरच्या पश्चिमेला, आपटाळ्याच्याही पुढं डोंगरात, एका शेतकऱ्याच्या घरी तीन दिवस राहायचं, ते खातील ते खायचं, आणि हौस असली तर त्यांच्या खळ्यावर भात झोडू लागायचं. मी म्हटलं, भात झोडायला पाहुणे बोलावतात, मग पाहुणे आल्यावर घरची माणसं सिंगापूरला जातात वाटतं. श्रेया हसली. नूतनपण हसली, आणि तिचं हसू चार दिवसांनी ऐकलं म्हणून मी गप बसले.

तर असे निघालो. नाशिक रस्त्यानं, ज्या रस्त्यानं मी लग्नाआधीपासून जातेय येतेय. चाकण गेलं, पेठ गेलं, मंचरच्या पुढं निरगुडसरकडं जाणारा रस्ता दिसला. निरगुडसर माझं माहेर. त्या वळणावर बापानं बैलगाडी थांबवून माझ्या हातावर गूळ ठेवला होता, तो चिकटपणा अजून मुठीत आहे. मी मूठ उघडली तर आत काही नव्हतं, रेषा सुद्धा नव्हत्या. रामनाथला म्हटलं, ह्या रस्त्यानं कुणी सुट्टीला जातं का, ह्या रस्त्यानं आपण लग्नाला, मयताला आणि बी-बियाणं आणायला जातो. तो म्हणाला, आई, खिडकीबाहेर बघ नुसतं. बघितलं. नारायणगावात सरळ गेलं की पुढं आळेफाटा आणि आमचं पिंपरी पेंढार, तिथली जमीन आता वाट्यानं दिलेली, घराला कुलूप. आम्ही डावीकडं वळलो. जुन्नर मागं पडलं आणि मला जाणवलं, की इतकी वर्षं ज्या डोंगराच्या नजरेत काढली त्याच्याकडं मी कधी गेलेच नव्हते. जायची गरजच पडली नाही. डोंगर आमच्याकडं यायचा. भात निघालं की मार्गशीर्षात जीपमध्ये कोंबून तिकडची माणसं खाली कांदा लावायला यायची, आमच्या गोठ्याशेजारच्या छपरात महिना-दीड महिना राहायची आणि जायची. ती जातात कुठं, त्यांचं घर कसं असतं, चुलीचं तोंड कुणीकडं असतं, हे मी कधी विचारलं नाही. पाऊस कुठून येतो ते तरी कोण विचारतं.

घर साधं, कौलारू, अंगणाच्या कडेला दोन नव्या खोल्या काढलेल्या. मालक सोपान, तिशी-पस्तिशीचा, हसतमुख. त्याची आई पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन पुढं आली. आम्ही गाडीतून उतरलो तसा तिनं तुकडा एकेकाच्या तोंडावरून ओवाळला, पायावर पाणी घातलं. माझ्यापुढं आली तेव्हा तिच्या डाव्या मनगटावरचा हिरवा विंचू दिसला. गोंदलेला, नांगी वर केलेला, आता सुरकुत्यांत थोडा वाकडा झालेला. त्या विंचवाकडं मी कितीतरी सकाळी बघितलं होतं, शेजारच्या वाफ्यात, माझ्यापुढं चार रोपं, मग सहा रोपं. मी वर बघितलं. लंकाबाई. केस पांढरे, दात गेलेले, बाकी तीच. तिनं माझ्याकडं बघितलं, इतरांकडं बघितलं तेवढंच बघितलं, तुकडा ओवाळून बाजूला टाकला आणि सगळ्यांना म्हणाली, "या पावणं, बसा." आणि आत गेली. माझ्या पायावरचं पाणी गार होतं. मी तशीच उभी राहिले, तर श्रेया म्हणाली, आजी, किती छान ना, किती प्रेमानं करतात. मी म्हटलं, हो.

ती मला वैनी म्हणायची. साळुवैनी. तिची टोळी आठ-नऊ बायांची, आणि तिच्या शब्दाबाहेर एक बाई नसायची. आमच्या दोघींचं वय सारखं. मी काही बांधावर छत्री घेऊन उभी राहणारी मालकीण नव्हते. माझा वाफा वेगळा, मी सगळ्यांबरोबर वाकलेली. माझ्या सासरी कामात माझ्या हाताची बरोबरी करणारी बाई नव्हती, तोवर लंका आली. ती रोप टोचायची का शिवायची तेच समजायचं नाही. मी माझा वाफा संपवून कंबर सरळ करायची तेव्हा ती बांधावर बसून तंबाखू मळत असायची आणि म्हणायची, वैनी, आज हात जड हाय व्हय. मला राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी मी तिच्याच शेजारचा वाफा धरायची. तसं शेजारी बसून कुणी मला मागं टाकावं, ही गोष्ट मला त्या चार-पाच हिवाळ्यांतच मिळाली. आधी नाही, नंतरही नाही. इमारतीतल्या बायका माझ्यापुढं पैज लावत नाहीत, पिशव्या उचलून देतात.

पहिला दिवस असा गेला, की गेला कधी ते कळलं नाही. दुपारी नाचणीची भाकरी, उडदाचं घुटं, नव्या तांदळाचा मऊ भात. रामनाथनं तिसरी भाकरी घेतली आणि मधेच थांबून म्हणाला, आई, अशी भाकरी मी आधी कुठं तरी खाल्लीय. कुठं खाल्ली ते मला माहीत होतं. आठ वर्षांचा होता, गोठ्यामागच्या छपरात जाऊन लंकाच्या फडक्यातली खायचा, आणि तोंडाला काळं दिसलं की मी हौदावर नेऊन त्याचं तोंड खसाखसा धुवायची. मी म्हटलं, खाल्ली असशील. लंकाबाई वाढत होती. तिनं त्याच्या ताटात आणखी अर्धी टाकली, माझ्याकडं न बघता. जेवल्यावर रामनाथ ओसरीवर चटईला टेकला आणि तोंड उघडं टाकून झोपला, कंपनीत साहेब असलेला माझा पोरगा, एक पाय चटईबाहेर. नूतन ओढ्यात पाय सोडून बसली होती, साडी गुडघ्यापर्यंत, मला बघून तिनं ओढून घेतली नाही. मीही जाऊन पाय सोडले. पाणी बोटांच्या मधून जायचं तेव्हा गुदगुल्या व्हायच्या. वारा भाताच्या पेंढ्यांचा वास घेऊन यायचा. सिंगापूरला काय असतं ते मला माहीत नाही, पण तिथं माझी सून माझ्याशेजारी पाय सोडून बसली नसती. मला बरं वाटत होतं, खरंच बरं वाटत होतं, आणि त्या बऱ्याच्या मधोमध चपलेत खडा असावा तसा तो एक शब्द होता. पावणं. सकाळी पावण्याबाई, पाणी तापलंय. दुपारी पावण्याबाई, वाढू का. संध्याकाळी पावण्याबाई, हितं निजू नगा, गार लागंल. इतक्या आदबीनं मला कुणी वागवलं नव्हतं, आणि त्या आदबीत शिरायला कुठं फट नव्हती. तीन दिवस होते. ह्या तीन दिवसांत तिनं एकदा मला वैनी म्हणावं, मग शिव्या दिल्या तरी चालतील, एवढंच मला पाहिजे होतं, आणि ते मागायला माझी जीभ तयार नव्हती. माझी जीभ देण्यात वाकबगार आहे, मागण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या ठेवायला म्हणून तिच्या स्वयंपाकघरात डोकावले. चुलीजवळच्या कोनाड्यात एक कप होता. काठाची सोनेरी रेघ पुसून गेलेली, कान तुटलेला, पण पोटावर गुलाब होता. माझ्या रुखवतातला गुलाब. निरगुडसरहून आलेल्या सहा कपांतला सहावा. मी तांब्या खाली ठेवला तो आवाज झाला, आणि मी बाहेर येऊन पेरूच्या झाडाखाली बसले. झाडावर एक खार वर-खाली करत होती. श्रेया फोटो काढत होती. सगळं आपापल्या जागी होतं आणि मी तिथं नव्हते. मी पिंपरी पेंढारला आमच्या स्वयंपाकघरात होते. पौष महिना, आणि पौषात कधी पडत नाही असा पाऊस. बाया रानातून पळत आल्या, गोठ्याच्या वळचणीला उभ्या राहिल्या. लंकाला आदल्या दिवसापासून ताप होता. ती अशी कुडकुडत होती की आमच्या मालकांनी, दादाभाऊंनी, स्वतः सांगितलं, आत जा, चुलीशी शेक. ती आली, चुलीपाशी टेकली. मी घरातल्यांसाठी चहा ओतत होते. गड्या-बायांचे कप वेगळे असायचे, गोठ्याच्या कोनाड्यात. ज्याचा त्यानं चहा प्यायचा, धुवायचा, पालथा घालायचा. सासूनं लावलेली रीत, मी चालवलेली. लंकाच्या हाताशी जो कप होता तो तिनं उचलला. तिला वाटलं मी तिलाच ओतला. दोन्ही हातांनी धरून प्यायली, डोळे मिटून. मग उठली, मोरीवर जाऊन कप धुतला, कोरडा केला, बाकीच्या पाचांशेजारी नीट ठेवला, गुलाब पुढं करून. मी एक शब्द बोलले नाही. तो कप उचलला, पावसात अंगण ओलांडलं, आणि सगळ्या बायांच्या देखत गोठ्याच्या कोनाड्यात नेऊन पालथा घातला. परत आले तेव्हा लंका दारात उभी होती. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडण चार दिवसांत मिटतं. दादाभाऊंनी त्या दिवशी चहा घेतला नाही. लंकानं अंगात ताप घेऊन राहिलेले सहा वाफे लावले. टोळी गेली त्या दिवशी कोनाड्यातला तो कपही नव्हता. मी कुणाला काही म्हटलं नाही. चोरी म्हणायला तोंड कुठं होतं, कप गोठ्यातला होता, मीच केला होता. पुढच्या वर्षी टोळी आली, लंका आली नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. दादाभाऊ एकदा जेवताना म्हणाले, लंका येईना झाली. मी म्हटलं, दुसऱ्या बाया काय मेल्यात का. कांदा त्या वर्षीही लागला. फक्त माझा वाफा सगळ्यांच्या आधी संपायचा, आणि मी बांधावर एकटी कंबर सरळ करत बसायची. उरलेले पाच कप मोशीच्या काचेच्या कपाटात आहेत. नूतननं लग्न झाल्यावर विचारलं होतं, पाचच का. मी म्हटलं, एक फुटला.

दुपारनंतर खळ्यावर गेलो. नूतन, श्रेया, पुण्याचं आणखी एक जोडपं, सगळ्यांनी पेंढ्या झोडल्या, फोटो काढले आणि हात लाल झाले म्हणून एकमेकांना दाखवले. माझ्या आईबापानं, सासूसासऱ्यानं जन्मभर झोडलं, त्यांचा एक फोटो नाही. लंकाबाई एका बाजूला सुपानं भात पाखडत होती. नूतनला हौस आली, तिनं दुसरं सूप घेतलं आणि भात निम्मा भुईवर सांडला. मी तिच्या हातातून सूप घेतलं. लंकाबाई म्हणाली, "पावण्यांनी दमू न्हाई." मी तिच्यासमोर बसले. पहिले चार हात चुकले. मनगटाला आठवायला वेळ लागला. मग वारा आला आणि मनगटानं माझं ऐकायचं सोडून दिलं. वर, खाली, एक झटका, पोकळ दाणा पुढं, भरला दाणा मागं. समोर विंचू वर-खाली होत होता. ती जरा जोरात पाखडायला लागली. मीही. तिनं मान वर केली नाही, मीही नाही. दोघींच्या मधे कोंडा धुक्यासारखा उडत होता, नाकात जात होता, केसांत बसत होता. श्रेया कुणाला तरी म्हणत होती, अगं आजीला येतं हे. माझी कंबर ओरडत होती आणि आतून कुणी तरी सोळा वर्षांचं हसत होतं. तिचा ढीग माझ्यापेक्षा हातभर मोठा झाला. ती उठली, पदर झटकला, सूप भिंतीला टेकवलं. आता म्हणेल, मला वाटलं. हात जड हाय व्हय, म्हणेल. ती म्हणाली, "पावण्याबाई, हातपाय धुवा, च्या ठिवते." आणि गेली. मी कोंड्यात बसून राहिले. चहा आला तो नव्या पांढऱ्या कपांतून, बशीसकट, ट्रेमध्ये. माझ्या कपावर साय धरेपर्यंत मी त्याला हात लावला नाही. शेवटी तोही चहाच होता, आणि चांगला होता, आलं ठेचून घातलेला, प्यायले.

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. उजाडताना जाग आली. डोंगराच्या कडेला पहिलं ऊन लागलं होतं, खाली अजून सावली. मागच्या पडवीत चूल पेटलेली दिसली. लंकाबाई परातीत नाचणीचं पीठ मळत होती, आमच्या वाटेच्या भाकरीसाठी. चुलीवर चहाचं भांडं. शेजारी तो कप. मी समोरच्या पाटावर बसले. ती म्हणाली, उठला व्हय पावण्याबाई. मी म्हटलं, "लंके, पावण्याबाई कुणाला म्हणतीस?"

ती पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "मंग काय म्हणू?"

"म्हणायचीस ते म्हण."

"ते लई जुनं झालं." तिनं फुंकणीनं चुलीत दोनदा फुंकलं. "गाडीतून पाय खाली टाकला तवाच वळाखलं म्या. चाल तीच. सगळी जिमीन बापाची आसल्यावानी."

मला हसू आलं. ते मी दाबलं नाही. मग सिंगापूरचं सांगितलं. कसं हिरवा उजेड आला, कसं मलम चोळलं, पोरगी काय म्हणाली. हे मी घरात कुणाला इतकं सविस्तर सांगितलं नव्हतं. सांगता सांगता माझाच आवाज मला बारीक वाटला. लंकाबाईनं ऐकून घेतलं आणि आपला अंगठा माझ्यापुढं धरला. तिचाही ठसा उठत नाही. राशनच्या दुकानात दर महिन्याला तीच कथा, शेवटी सोपानचा अंगठा घेतात. "मशीन म्हनतं, ही बाईच न्हाई," ती म्हणाली, आणि परातीतल्या पिठावर तिनं अंगठा दाबला. त्याच्याशेजारी मी दाबला. दोन खळगे. दोन्ही गुळगुळीत, कुणाचा कोणता ते सांगता येऊ नये असे. आम्ही दोघी त्यांच्याकडं बघत होतो. मग तिनं हात फिरवला आणि पीठ पुन्हा एक झालं.

चहा उकळला. तिनं एक पांढरा कप घेतला, भरला, बशीत ठेवून माझ्यापुढं केला. मी म्हटलं, "ह्यातनं नको. त्यातनं दे."

ती म्हणाली, "त्यो माझा हाय." तिनं तो जवळ ओढला. "तुमीच दिल्याला."

ती रागानं बोलली नाही. ऊन पडलंय म्हणावं तशी बोलली. तिनं त्या कपात आपला चहा ओतला, कान नाही म्हणून दोन्ही हातांनी धरला, आणि डोळे मिटून प्यायला लागली. तसंच धरायची, तसेच डोळे. मला म्हणायचं होतं, चुकलं. शब्द छोटा आहे. चौथीपर्यंतच शिकले तरी तेवढा येतो. पण तो म्हणायच्या जागी दुसरंच बाहेर पडलं. मी विचारलं, कान कधी तुटला. सोपानच्या धाकटीनं पाडला, ती म्हणाली. मी पांढऱ्या कपातला चहा संपवला. चुलीतलं लाकूड सरकलं, ठिणग्या उडाल्या, तिनं हातानंच ते आत ढकललं. समोरच्या डोंगरावरचं ऊन हातभर खाली आलं होतं.

"पाच हायेत माझ्याकडं," मी म्हटलं. "काचेच्या कपाटात. त्यातनं कुणी च्या पीत न्हाई. मी पिऊ देत न्हाई."

"का वं?"

"सहावा न्हाई म्हणून."

तिनं माझ्याकडं बघितलं. तीन दिवसांत पहिल्यांदा, म्हणजे नुसतं बघितलं नाही, बघत राहिली. मग कपातला शेवटचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. तो खाली टेकतो न टेकतो तोच मी उचलला. ती काही म्हणणार होती, मी थांबले नाही. पडवीच्या टोकाला भांडी घासायचा दगड होता. चुलीतली गार राख घेतली, तो कप आतून बाहेरून घासला, तुटक्या कानाच्या खुणेवरून बोट फिरवलं. बोटाला ती धार लागली, म्हणजे बोटाला अजून कळत होतं. पाणी घातलं. पदरानं कोरडा केला. लंकाबाई हात पिठात तसेच ठेवून बघत होती. अंगणात कोंबड्या सोडल्या होत्या, पलीकडं नूतन पिशव्या गाडीत ठेवत होती, आणि तिला लांबून दिसत होतं की सासू कुणाच्या तरी पडवीत बसून भांडी घासतेय. दिसू दे. मी कप घेऊन दारातून आत, कोनाड्यापाशी गेले. इतक्या वर्षांची सवय, हातानं तो आपोआप उलटा केला.

"वैनी," मागून लंका म्हणाली, "पालथा नका घालू. भांड्यात च्या हाय अजून."

माझा हात तिथंच राहिला. मी तोंड भिंतीकडंच ठेवलं, कारण ते मला त्या वेळी कुणाला दाखवायचं नव्हतं. मग कप सुलटा केला आणि आणून चुलीच्या बाजूच्या वैलाजवळ ठेवला. तिनं पिठाचे हात पुसले, भांडं तिरकं केलं, काठोकाठ ओतलं. गुलाबावरून एक थेंब खाली आला. कप आम्हा दोघींच्या मधे होता, ना तिच्याकडं सरकलेला, ना माझ्याकडं.

"आन् काल हात जड व्हता तुमचा," ती म्हणाली. "सूप असं धरत्यात व्हय."

मी म्हटलं, पंचवीस वर्षांत धरलं नव्हतं, म्हणून. धरलं असतं तर दाखवलं असतं. ती म्हणाली, तवाबी दावलं न्हाई. अंगणातून गाडीचा हॉर्न वाजला, एकदा, मग थोड्या वेळानं परत. रामनाथला दुपारच्या आत चाकणची गर्दी ओलांडायची होती.

"जावा," लंका म्हणाली, "पोरगं खोळंबलंय."

"वाजवू दे," मी म्हटलं, आणि पाट चुलीजवळ ओढून घेतला.